सुट्टी दहाला, सुटका पाचला

डॉक्टर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तालुक्याच्या गावी तीस बेडचं हॉस्पिटल, ऑपरेशनांचे निकाल चांगले, दर शेजारच्यांपेक्षा कमी, दोन वर्षांपूर्वी नवी इमारत, स्पेशल रूमला एसी. तरी पेशंट नाराज होऊन जातात, गूगलवर एक-दोन तारे देतात आणि पुढच्या दुखण्याला जिल्ह्याच्या गावी जातात. पेशंटचं समाधान नेमकं ठरतं तरी कशावर, असं तुम्ही विचारलंय.

मी नर्स. अकरा वर्षं सरकारी रुग्णालयात, मग एकोणीस वर्षं एका खासगी हॉस्पिटलात, आधी वॉर्ड इन्चार्ज आणि शेवटी मेट्रन म्हणून. शेवटची आठ वर्षं तक्रारवही माझ्याच टेबलावर होती. त्यामुळे तुमच्या खुर्चीतून दिसतं त्याहून थोडं वेगळं सांगेन, रागावू नका.

तुम्ही पाठवलेल्या तक्रारी मी दोनदा वाचल्या. ‘तीन तास बसवून ठेवलं.’ ‘काही विचारलं की खेकसतात.’ ‘बिल सांगितलं एक, झालं दुसरं.’ ‘सुट्टी सकाळी दिली, घरी रात्री पोचलो.’ टाका चुकला किंवा औषध चुकलं असं एकानेही लिहिलेलं नाही. लिहिणार कसा? पोटात तुम्ही काय केलंत ते त्याला दिसत नाही. बरं होणं तो गृहीत धरूनच येतो, त्यासाठीच तर पैसे मोजतो. जे दिसतं, ऐकू येतं, वासाला येतं, त्यालाच तो मार्क देतो. एव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली आरोग्यसेवेचा दर्जा तपासायची तीन अंगं सांगितली: साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि निकाल काय लागतो. तुमचं सगळं लक्ष पहिल्या आणि तिसऱ्यावर आहे. पेशंटची आठ दिवसांची वस्ती असते मधल्यात.

थांबण्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या निम्म्या तक्रारी तिथल्या आहेत. थांबायला आपल्या माणसांची ना नसते. ती एसटीसाठी थांबतात, तलाठ्यासाठी थांबतात, रेशनच्या रांगेत थांबतात. जीव जातो तो किती थांबायचं हे न कळल्याने. तुमच्या बोर्डवर ‘ओपीडी १० ते २’ लिहिलंय, तुम्ही राऊंड आणि एखादं छोटं ऑपरेशन उरकून पावणेबाराला येता, आणि तोवर काउंटरवरची मुलगी ‘येतीलच आता’ म्हणत राहते. वाडीवरून आलेल्या माणसाच्या डोक्यात शेवटची गाडी असते. ती साडेचारला चुकली की मुक्काम कुठे, गुरांचं काय, हे हिशेब तो बाकावर बसून करत असतो. आम्ही त्या मुलीला एवढंच शिकवलं, ‘डॉक्टर ऑपरेशनला आहेत, बारापर्यंत येत नाहीत. चहा घेऊन या, तुमचा नंबर जाणार नाही.’ काउंटरवरची भांडणं त्याच आठवड्यात कमी झाली. डॉक्टर काही लवकर यायला लागले नव्हते.

आता माझीच एक चूक सांगते.

हर्नियाचा पेशंट होता, पासष्टीचा. रात्री बारापासून तोंडाने काही नाही, ऑपरेशन सकाळी नऊला. साडेआठला तातडीचं सिझर आलं, त्यामागून आणखी एक केस घुसली आणि हर्निया चारवर गेला. अकरालाच मला ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरातून, तसा फोन आला होता. त्याची बायको कॉटशेजारी फरशीवर बसलेली, मांडीत लाल झाकणाचा थर्मास. ऑपरेशन झालं की नवऱ्याला द्यायला घरून चहा आणलेला. मी तिच्यासमोरून कितीदा गेले असेन. दरवेळी ती अर्धवट उठायची, आणि मी हातातला ट्रे बघत पुढे निघून जायची. मला वाटलं, ओटीवाले सांगतील. ओटीवाल्यांना वाटलं, वॉर्ड सांगेल. साडेतीनला ती थर्मास घेऊनच काउंटरशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, आमचे पैसे कमी पडले का? म्हणून मागं टाकलं का त्यांना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं कारण सांगायला अर्धा मिनिट लागलं असतं, आणि ते अकरा वाजता सांगायचं होतं. आपण गप्प राहिलो की माणूस स्वतःच कारण शोधतो, आणि ते त्याच्या मनातल्या जुन्या भीतीतून निघतं. तिची भीती गरिबीची होती. ऑपरेशन उत्तम झालं, तिसऱ्या दिवशी दोघं घरी गेली. मुलाने वहीत लिहिलं, ‘गरिबाला उपाशी ठेवलं.’ तीनच शब्द. तुमच्या एसीचं, फरशीचं, टाक्यांचं त्या तीन शब्दांपुढे काही चालत नाही.

त्यानंतर आमच्या वॉर्डात नियम झाला: ऑपरेशनची वेळ हलली की ज्याने फोन घेतला त्यानेच कॉटपाशी जाऊन सांगायचं, कारणासकट. आणि त्याच फेरीत भूलतज्ज्ञांना विचारायचं की घोटभर पाणी देता येईल का. साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत बऱ्याच जणांना चालतं, पण विचारायचं कुणाला सुचत नाही म्हणून माणसं दिवसभर कोरड्या घशाने पडून राहतात.

डॉक्टरांच्या वेळेबद्दल तुम्ही म्हणता, ‘माझ्याकडे वेळच नाही.’ मान्य. ६७ देशांतल्या प्राथमिक उपचारांची आकडेवारी एकत्र करून २०१७ साली एक लेख आला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. तो उद्या स्वीडनवर जाणार नाही. पण दोन मिनिटं दोन प्रकारची असतात. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या १२० पेशंटांवर एक साधा प्रयोग झाला, २०१२ मध्ये तो छापून आला. राऊंडला डॉक्टर काहींशी उभ्याने बोलले, काहींशी खुर्चीवर बसून. उभे असताना ते सरासरी १ मिनिट २८ सेकंद थांबले, बसून १ मिनिट ४ सेकंद, म्हणजे बसले तेव्हा कमीच. पेशंटांना विचारलं तर उलटं: बसलेले डॉक्टर पाच मिनिटांहून जास्त होते, उभे असलेले पावणेचार.

मला हे वाचून नवल वाटलं नाही. आमच्याकडे एक फिजिशियन होते, ते राऊंडला आले की पायाने कॉटखालचं स्टूल ओढायचे, टेकायचे, मनगट हातात घ्यायचे आणि विचारायचे, “रात्र कशी गेली?” उत्तर संपेपर्यंत हात सोडत नसत. त्यांची औषधं इतरांसारखीच. पण गावोगावी बोलबाला, ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ आपल्याकडे तक्रारही हाताचीच असते बघा: ‘एवढी फी घेतली, पण हातसुद्धा लावला नाही.’ सगळे रिपोर्ट स्क्रीनवर बघून अचूक निदान केलेल्या डॉक्टरांबद्दल हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलंय. स्टेथोस्कोप लावायची गरज नव्हती हे मलाही कळत होतं. तरी लावावा.

आणि बोलू द्यावं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तपासणीच्या टेप ऐकून मोजलं, पेशंटने बोलायला सुरुवात केली की डॉक्टर सरासरी १८ व्या सेकंदाला मध्ये तोंड घालतात. आपल्याकडची म्हातारी माणसं दुखणं मुळापासून सांगतात, ‘श्रावणात लेकीकडं गेले होते तेव्हा…’ इथून. पंधरा-वीस सेकंद जास्त कळ काढा. श्रावणातलं ते उपासाचं पित्त असतं किंवा जावयाने आणून दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या असतात, आणि तुम्हाला हवं असलेलं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

समजावून सांगण्यात आपली एक खास अडचण आहे, ती परदेशी लेखांत सापडणार नाही. आपल्याकडे पेशंट एकटा नसतो. पहिल्या दिवशी बायको असते, दुसऱ्या दिवशी चुलता, तिसऱ्या दिवशी मुंबईहून भाऊ उतरतो. त्याला काहीच माहीत नसतं, पण आपण इतक्या उशिरा आलो ही टोचणी असते, आणि ती तो आवाज चढवून भरून काढतो. त्यातच सिस्टर म्हणते ‘बरंय आता’, आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणतात ‘आत्ता काही सांगता येत नाही’, आणि तुम्ही राऊंडला म्हणता ‘ठीक चाललंय’. तिन्ही वाक्यं आपापल्या परीने खरी. बाहेर व्हरांड्यात त्यांची बेरीज होते, ‘काहीतरी लपवतायत.’

यावर आम्ही केलं ते असं: दाखल करतानाच केसपेपरवर एका नातेवाइकाचं नाव आणि मोबाइल, जो कुटुंबाच्या वतीने ऐकेल आणि बाकीच्यांना सांगेल. आयसीयूच्या पेशंटबद्दल बोलायची रोजची वेळ ठरलेली, दुपारी साडेबारा, नवीन काही नसलं तरी. ‘कालच्यासारखंच आहे’ हीसुद्धा बातमी असते. आणि राऊंडला डॉक्टर काय बोलले ते सिस्टरने ऐकलेलंच असलं पाहिजे, म्हणजे दुपारी विचारलं तर तेच वाक्य येतं. तुमच्या राऊंडला सिस्टर असते की फक्त फाइल धरणारा मुलगा असतो, ते एकदा बघा.

पैशाचं. बिल मोठं आलं म्हणून जेवढे लोक चिडतात, त्याहून जास्त अनपेक्षित आलं म्हणून चिडतात. चाळीस हजार सांगून चाळीस झाले तर माणूस दागिना मोडून भरतो आणि पाया पडून जातो. पंचवीस सांगून बत्तीस झाले तर मात्र ‘लुटलं’. २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी महाराष्ट्रात दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आलं. तुम्ही लावली असणार, बहुतेक इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, जिन्याखाली. ती काउंटरशेजारी आणा, आणि रोज संध्याकाळी आतापर्यंत किती झाले ते एका चिठ्ठीवर लिहून द्या. हातमोजे, सिरिंज, डायपर यांची वेगळी ओळ मराठीत असू द्या. ‘कन्झ्युमेबल्स’ या शब्दाने जितकी भांडणं लावली तितकी औषधांच्या किमतीनेही लावली नसतील.

महात्मा फुले योजनेतला पेशंट असेल तर आणखी जपा. आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, त्याला सगळं मोफत म्हणून सांगितलेलं असतं, आणि पॅकेजमध्ये बसलेल्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतातच. अशा माणसाच्या हातात रात्री नऊला बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी पडली की दोनशे रुपयांचा राग दोन लाखांच्या बिलाहून मोठा होतो.

मावशी, वॉर्डबॉय, वॉचमन. यांच्याबद्दल डॉक्टर मंडळी कधी विचारत नाहीत. तुमच्या हॉस्पिटलात पेशंटशी सगळ्यात जास्त बोलणारा माणूस वॉचमन आहे. पास नाही म्हणून म्हातारीला उन्हात उभी करतो तो, आणि बाळ झालं की पेढ्याचे पैसे मागते ती मावशी. मुलगा झाला तर जास्त मागते, हे तुम्हाला माहीत असूनसुद्धा तुम्ही हसून सोडून देता. पगार वाढवा आणि ते बंद करा. दुसरं काही सांगायचं नाही मला त्यावर.

एक धोक्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. समाधान म्हणजे दर्जा नव्हे. व्हायरल तापाचा पेशंट, पाणी पितोय, लघवी होतेय, तरी म्हणतो, ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, अंगात शक्ती नाही.’ लावलंत तर तो खूश, पाच तारे. अमेरिकेत ५० हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला होता. त्यात सगळ्यात समाधानी गटाचा औषधांवर आणि एकूण उपचारांवर खर्च जास्त होता आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त दिसलं. समाधानानेच माणसं मेली असं त्यातून सिद्ध होत नाही, त्यावर वादही झाले. पण ताऱ्यांच्या मागे लागून सलाईन टांगणाऱ्याने तो वाचावा. सलाईनला नाही म्हणायला वेळ लागतो, एवढंच. ‘आजी, या बाटलीत मीठ नि पाणी आहे. ते तुमच्या तोंडाने जातंय, मग हाताला भोक कशाला?’ हे मी हजारदा म्हटलंय, आणि दहातल्या सात आजी हसून सरबत घ्यायच्या. उरलेल्या तिघी समोरच्या दवाखान्यात जाऊन लावून घ्यायच्या. त्यांना जाऊ द्या.

तुमच्या फीडबॅक फॉर्मबद्दलही तेच. फॉर्म भरला जातो बिलाच्या काउंटरवर, स्टाफच्या डोळ्यांदेखत, निघायच्या घाईत. सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’. त्याला काही किंमत नाही. उद्या पुन्हा याच दारात यायचंय, वाईट कोण लिहील? शिवाय समाधान अपेक्षेशी बांधलेलं असतं. सरकारी वॉर्डात एका कॉटवर दोघं असताना स्वतंत्र कॉट मिळालेला माणूस मला हात जोडायचा. तोच माणूस खासगीत पंख्याचा आवाज येतो म्हणून तक्रार करायचा, आणि दोन्ही ठिकाणी त्याचं बरोबर होतं. घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन करा. ‘सेवा कशी वाटली?’ असं विचारू नका, ‘छान’ म्हणतील. ‘कुठे ताटकळलात? कोणती गोष्ट कुणी सांगितली नाही?’ असं विचारा आणि लिहून घ्या. अमेरिकेतल्या सक्तीच्या सर्वेक्षणातसुद्धा ‘तुम्ही खूश आहात का’ यापेक्षा ‘नर्सने समजेल असं सांगितलं का’, ‘रात्री खोलीबाहेर शांतता होती का’ असलेच प्रश्न जास्त असतात.

आता तुमचा सगळ्यात मोठा घोळ, सुट्टी.

तुम्ही दहाच्या राऊंडला म्हणता, ‘आज घरी जा.’ दहा वाजून पाच मिनिटांनी बायकोने पिशव्या भरलेल्या असतात, भावाने जीप सांगितलेली असते. डिस्चार्ज कार्ड लिहायला आरएमओ मोकळे होतात बाराला. उरलेली औषधं मेडिकलला परत करून तिथली नोंद येते एकला. बिल होतं दोनला. विमा असेल तर ते टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे, जातं. २०२४ पासून विमा नियामकाने अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातलीय, पण ती मोजायची आपण कागद पाठवल्यापासून, आणि आपणच दोनला पाठवले. झाले पाच. तोवर कॉट दुसऱ्याला द्यायची म्हणून मावशीने चादर काढलेली असते आणि पेशंट व्हरांड्यातल्या बाकावर टाक्यांवर हात धरून बसलेला असतो. आठ दिवस तुम्ही जे कमावलंत ते या सात तासांत जातं.

हे माझं मत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि टोरोंटोचे डॉक्टर रेडेलमायर यांनी कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे नळी घालून मोठं आतडं तपासायच्या, पेशंटांवर हे तपासलं होतं. माणूस दुखणं एकूण वेळेने लक्षात ठेवत नाही, सगळ्यात वाईट क्षण आणि शेवट यांवरून ठेवतो. २००३ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात ६८२ पेशंट होते. काही जणांची नळी शेवटी लगेच न काढता, न हलवता थोडा वेळ तशीच ठेवली. एकूण त्रास लांबला, पण शेवट सौम्य झाला, आणि त्यांनी नंतर त्रास कमी झाला असंच सांगितलं.

म्हणून सुट्टी आदल्या संध्याकाळी सांगा. कार्ड रात्रपाळीच्या आरएमओंनी लिहून ठेवायचं, औषधं सकाळी सातला परत, विम्याचे कागद नऊला बाहेर. सकाळच्या राऊंडला फक्त जखम बघून सही. आणि शेवटची दहा मिनिटं एका सिस्टरची, कॉटपाशी बसून. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, हे कुणाला कळत नाही. स्केचपेनने पट्टीवर सूर्य आणि चंद्र काढायचे, आणि घरी गोळ्या जी देणार आहे तिच्याकडूनच वदवून घ्यायचं, ‘कोणती जेवणाआधी?’ आमच्याकडे एका सुनेने तीनही गोळ्या पाठ म्हणून दाखवल्या आणि मग विचारलं, “आंघोळ कधी घालू?” ते कार्डावर कुठेच नव्हतं. घरी गेल्यावर पहिल्या सकाळी लागणारी गोष्ट नेमकी तीच.

एसी वाढवायचा का, टीव्ही लावायचा का, हेही तुम्ही विचारलंत. आत्ता नको. तेवढ्या पैशात प्रत्येक कॉटला एक स्टूल येईल, आधी ते घ्या, आणि उद्यापासून राऊंडला तुम्ही स्वतः त्यावर बसा. घेताना पायांना रबरी बूट असलेली बघून घ्या. नसली तर रात्री फरशीवर सरकवताना अख्खा वॉर्ड जागा होतो, आणि ती तक्रार परत तुमच्याकडेच येईल.